टिपणताई आणि दाराजवळच्या दोन खुर्च्या

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीच्या तळघरात बांधणी विभाग होता आणि तिथे मी सत्तावीस वर्षं कागद शिवले. सुटी पानं यायची, त्यांची पाठ शिवून, सरस लावून, वर कापड चढवून मी त्यांचे खंड करायचो. त्यातले सगळ्यांत रुक्ष खंड म्हणजे सभांची इतिवृत्तं. कोण आलं, काय ठरलं, अनुमोदन कोणी दिलं. पण ती पानं हातात आली की कामाला लागायच्या आधी मी थोडा वेळ नुसता बघत बसायचो. अक्षरच तसं होतं. जरासं उजवीकडे कललेलं, जणू सगळी ओळ हलक्या वाऱ्यात उभी आहे.

ते अक्षर टिपणताईंचं. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण सभा म्हटली की टिपणं घ्यायला त्याच, म्हणून कधीतरी कोणीतरी टिपणताई म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. कुलगुरूही त्यांना तशीच हाक मारायचे.

विद्याविषयक समितीची सभा महिन्यातून एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या लांब खोलीत भरायची. काय शिकवायचं, परीक्षा कशी घ्यायची, प्रयोगशाळा किती वाजता उघडायची, सगळं तिथे ठरायचं. टेबलाच्या टोकाला अधिष्ठाता, दोन्ही अंगांना विभागप्रमुख, आणि पार दाराजवळ दोन खुर्च्या विद्यार्थी प्रतिनिधींच्या. वर्गावर्गातून निवडून आलेली मुलं पाळीपाळीने तिथे बसायची. दार आत उघडायचं, त्यामुळे चहा आला की त्या दोघांना उठून उभं राहावं लागे. चहा गेला की पुन्हा बसायचं. सभेत त्यांची हालचाल असायची ती एवढीच. बाकी वेळ मूग गिळून.

टिपणताई खिडकीपाशी बसायच्या. एकोणीस वर्षं त्यांनी तिथे लिहिलं, आणि त्या मला एकदा म्हणाल्या होत्या की त्यातली निम्मी वर्षं त्या तिथे नव्हत्याच. कान ऐकायचे, हात लिहायचा, आणि मन खिडकीतून उतरून समोरच्या मैदानावर हिंडत राहायचं. गवतावरून सावली सरकायची, कोणीतरी सायकल ढकलत जायचं, लांबवर कपडे वाळत असायचे. सभा संपली की त्या खाली बघायच्या तर पानं भरलेली. आपण हे कधी लिहिलं, असं त्यांना वाटायचं. पण चूक म्हणून सापडायची नाही.

सापडली ती एकदाच.

त्या दिवशी हवा कोंदट होती, दुपार लांबली होती. हजेरी घ्यायला त्यांनी टेबलावरून नजर फिरवली. दाराजवळच्या दोन्ही खुर्च्या त्यांना रिकाम्या दिसल्या. स्वच्छ रिकाम्या, पाठीवरचं झिजलेलं लाकूडसुद्धा दिसलं. त्यांनी लिहिलं, विद्यार्थी प्रतिनिधी अनुपस्थित. चार दिवसांनी मसुदा सगळ्यांकडे गेला आणि दोन मुलं त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. चपला न वाजवता आली होती. त्यातल्या एकाने फार अदबीने सांगितलं की आम्ही दोघं होतो, अगदी शेवटपर्यंत होतो, तेवढं दुरुस्त कराल का.

टिपणताईंना काही उलगडेना. झोप लागली म्हणावं तर हात लिहीत होता. दिसलं नाही म्हणावं तर खुर्च्या दिसल्या होत्या. त्यांनी त्या मुलांच्या देखत ती ओळ खोडली, वर बरोबर ओळ लिहिली, बाजूला सही केली. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, सभेत बोलला का नाहीत? मुलं एकमेकांकडे बघू लागली. दुसरा म्हणाला, विषयपत्रिका सभेच्या दारातच हातात पडते, चाळीस पानं, आणि ती भाषा अशी की वाचून संपेपर्यंत सभाही संपलेली असते.

पुढच्या सभेच्या आधी टिपणताईंनी त्या दोघांना बोलावून चाळीस पानांचं दीड पान करून सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळी चौघं आले. वर्षभरात मधल्या सुट्टीत त्यांच्या टेबलाभोवती एवढी दाटी व्हायला लागली की कचेरीतले इतर लोक कुरकुरू लागले. नवे कुलगुरू आले होते, त्यांनी ती गर्दी पाहिली, चौकशी केली, आणि इतिवृत्तं लिहायला दुसरा माणूस नेमून टिपणताईंना एक खोली दिली. दारावर पाटी लागली: विद्यार्थी प्रतिनिधी साहाय्य कक्ष.

खोली आधी भूगोल विभागाच्या नकाशांची होती. सगळे नकाशे नेले, एक तेवढा राहिला, कारण तो दारापेक्षा रुंद होता आणि आत कसा आणला होता हे कोणाला आठवत नव्हतं. समुद्रप्रवाहांचा नकाशा. एक भिंतभर निळं पाणी आणि त्यात बारीक बाण, थंड पाणी इकडे, ऊन पाणी तिकडे. त्याच्याखाली बाक टाकले होते. दुपारी ऊन आत आलं की निळा रंग छतावर चढायचा, आणि खाली बसलेली मुलं तळाशी बसल्यासारखी दिसायची. मी बांधलेले खंड द्यायला जायचो तेव्हा दारात उगीच रेंगाळायचो.

निवडून आलेलं मूल पहिल्यांदा यायचं ते बहुतेक वेळा चेहरा पाडून. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तर कोणीतरी हवंच, म्हणून वर्गाने ज्याला पुढे ढकललेलं असायचं तो हा. टिपणताई त्याला आधी बसू द्यायच्या. मग तक्रार ऐकायच्या, आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायच्या: हे तुझं म्हणणं की वर्गाचं? वर्गाचं असेल तर शेवटच्या बाकावरच्याला विचारून ये. मूल जायचं, विचारून यायचं, आणि निम्म्या वेळा तक्रार बदललेली असायची. मग सराव. टिपणताई स्वतः अधिष्ठाता व्हायच्या, मग वैतागलेले विभागप्रमुख, मग कुलसचिव, ज्यांना दर वाक्यानंतर चष्मा पुसायची सवय होती. चष्मा नसताना त्या असा पुसायच्या की मुलं हसून लोळायची, आणि हसता हसता त्यांची भीती जायची.

घरी त्यांचे यजमान आणि सासूबाई. यजमान हवामान खात्यात निरीक्षक होते. रोज पहाटे ते गावाबाहेरच्या माळावर जायचे, एक भला मोठा पांढरा फुगा वायूने भरायचे, त्याला यंत्राची छोटी पेटी बांधायचे आणि सोडून द्यायचे. फुगा वर जायचा, वरून वाऱ्याचे आणि थंडीचे आकडे पाठवायचा, आणि मग कुठेतरी उंचावर फुटायचा. सासूबाई म्हणायच्या, मुलगा हवेत, सून कागदात, जमिनीवर काय ती मी एकटी. पण सुनेच्या कामाचं त्यांना कौतुक होतं. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, न बोलणाऱ्याचे गहू तसेच राहतात, हे त्या येईल त्याला ऐकवायच्या आणि वर म्हणायच्या, आमची सून गहूवाल्यांना बोलायला शिकवते.

इथवर सगळं छान होतं. पुढचं मला टिपणताईंनीच सांगितलं, आणि सांगताना स्वतःला काही सूट दिली नाही.

संध्याकाळच्या वर्गांनी एका परिचारिकेला प्रतिनिधी निवडलं होतं. चाळिशीची बाई, दिवसा रुग्णालयात काम, सहाला वर्गात. तिचा प्रश्न साधा होता. ग्रंथालयाची खिडकी साडेपाचला बंद व्हायची आणि संध्याकाळचे वर्ग सहाला सुरू व्हायचे. म्हणजे जो दिवसा कामाला जातो त्याने पुस्तक न्यायचं कधी? कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं. तिने चार महिने घालवले. मधल्या दहा मिनिटांत एकेका वर्गात जाऊन बोलली, कोणाला कोणतं पुस्तक मिळालं नाही, त्याने काय अडलं, ते त्या त्या माणसाच्या हातचं लिहून घेतलं. कोणी बेकरीत कामाला, कोणी टपाल वाटणारा, कोणी तीन लेकरांची आई. आधी लोक म्हणाले, आपलं कोण ऐकतंय. ती म्हणायची, सांगून तर बघू. शेवटी एकशे चाळीस कागद झाले, आणि सभेच्या दिवशी तीस जण कामावरून सुट्टी घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात थांबणार होते.

सभेच्या आदल्या दिवशी टिपणताईंना जिन्यात ग्रंथपाल भेटले. जुनी ओळख. बोलता बोलता विषय निघाला आणि त्यांच्या तोंडून सगळं निघून गेलं. ग्रंथपाल म्हणाले, एवढंच ना, त्याला सभा कशाला, उद्यापासून आठपर्यंत उघडी ठेवतो. टिपणताई घरी गेल्या त्या तरंगतच.

दुसऱ्या दिवशी सातवा विषय आला. परिचारिका कागदांचा गठ्ठा घेऊन उठली. अधिष्ठाता हसून म्हणाले की हा प्रश्न सुटलेला आहे, ग्रंथपालांचे आभार, पुढचा विषय घेऊ. ती गठ्ठा घेऊन तशीच खाली बसली. व्हरांड्यातल्या तिसांना आत काय झालं ते कळलंच नाही. मागणी मान्य झाली म्हणून ते आनंदात पांगले.

संध्याकाळी ती नकाशाच्या खोलीत आली. बसली नाही.

"ताई, काम झालं, त्याबद्दल आभार," ती म्हणाली. "पण चार महिने मी लोकांना सांगत होते, आपण बोललो तर ऐकतील. खिडकी कशी उघडली हे उद्या त्यांना कळलं, की ते काय शिकतील? की आपली कोणाशी तरी ओळख पाहिजे."

टिपणताईंनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं, नमस्कार केला आणि गेली. राहिलेलं वर्ष तिने प्रतिनिधी म्हणून नीट पार पाडलं, प्रत्येक सभेला आली, पण त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी टिपणताई यजमानांबरोबर माळावर गेल्या. उजाडत होतं. फुगा भरून तयार होता, त्याच्या पोटात हलका उजेड शिरल्यासारखा दिसत होता. त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. दोरी हातात धरून ते म्हणाले की नोकरीत नवा असताना माझा एक फुगा वर जाताच बिघडला, आकडे येईनात. मी आदल्या दिवसांवरून अंदाज बांधून आकडे भरले. शेजारच्या केंद्राशी ताडून बघितलं तर तंतोतंत बरोबर. तरी साहेबांनी ते पान रद्द केलं.

"का?" टिपणताईंनी विचारलं.

"आकडा बरोबर होता. पण तो फुग्याने आणलेला नव्हता."

मग त्यांनी दोरी सोडली. दोघं वर बघत राहिले. फुगा आधी मडक्याएवढा दिसला, मग टाचणीच्या डोक्याएवढा, मग तो दिसतोय की नुसता भास होतोय ते सांगता येईना.

त्यानंतर दोन वर्षांनी 'गुपचूप' नावाची एक मुलगी आली. खगोलशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात नऊच विद्यार्थी, आणि त्यांनी प्रतिनिधी म्हणून थट्टेत तिला निवडलं होतं, कारण ती दिवसभरात दहा शब्द बोलली तर खूप. नावही वर्गानेच ठेवलेलं. ती आली, नकाशाखाली बसली, अर्धा तास बसली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तेच. टिपणताईंना सवय होती मुलांना बोलतं करायची. जीभ शिवशिवत होती. पण त्यांनी आपलं काम काढलं आणि करत बसल्या. सहा दिवस असे गेले. खोलीत दोघी, निळा उजेड, आणि कागदांची सळसळ. टिपणताई म्हणायच्या, एवढ्या शांत माणसाची सोबत मला आयुष्यात मिळाली नव्हती. चौथ्या दिवसापासून मी तिची वाट बघायला लागले.

सातव्या दिवशी ती बोलली.

"आम्ही तीन वर्षं आकाश शिकतोय. अजून पाहिलेलं नाही."

विज्ञान इमारतीच्या गच्चीवर घुमट होता, त्यात मोठी दुर्बीण होती, हे सगळ्यांना माहीत होतं. घुमट बंद असतो हेही माहीत होतं. का बंद, ते कोणाला ठाऊक नव्हतं. मुलं दुपारी पडदे ओढून भिंतीवर ग्रहांची चित्रं बघायची आणि त्यावरून प्रयोगवही भरायची. टिपणताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, हे तुझं की वर्गाचं? गुपचूप उठून गेली. आठही जणांना विचारून आली आणि मान हलवली.

मग ती एकटीच चौकशी करत फिरली. आणि तेव्हा एक गंमत लक्षात आली. ती बोलत नसल्यामुळे समोरच्याला ती शांतता सोसवायची नाही आणि तो आपणहून सांगत सुटायचा. विभागप्रमुख म्हणाले, कुलसचिवांचा आदेश आहे. कुलसचिवांच्या कचेरीत सांगितलं, विभागानेच बंद केली. इमारतीच्या रखवालदाराने तर तिला जिन्याने वर नेऊन घुमटाचं दार दाखवलं, कुलपावरचा गंज दाखवला आणि जिन्याचा कठडा हलवून दाखवला. कठडा पक्का होता. रखवालदार म्हणाला, मी आलो तेव्हापासून असाच भक्कम आहे, याच्यामुळे बंद आहे म्हणतात, पण कशामुळे ते देव जाणे.

शेवटी दोघी माझ्याकडे तळघरात आल्या. मी मागचे खंड काढले. टेबलावर दिव्याखाली आम्ही तिघं पानं उलटत बसलो. अकरा वर्षांपूर्वीच्या एका सभेपाशी गुपचूपचं बोट थांबलं. एक विद्यार्थी जिन्यावरून घसरला होता, पायाला लागलं होतं. ठराव होता: कठड्याची दुरुस्ती होईपर्यंत वेधशाळा तात्पुरती बंद ठेवावी, पुढील आदेश यथावकाश. कठडा त्याच वर्षी दुरुस्त झाला, त्याची नोंद पुढे दोन पानांवर होती. पण पुढचा आदेश कोणी मागितला नाही, म्हणून कोणी काढला नाही. अकरा वर्षं घोंगडं भिजत पडलं होतं.

मी अक्षराकडे बघितलं. मग टिपणताईंकडे बघायचं टाळलं. त्यांनी मात्र पान जवळ ओढलं, त्या उजवीकडे कललेल्या ओळीवरून बोट फिरवलं, आणि म्हणाल्या की हे मी लिहिलंय आणि मला यातलं काहीही आठवत नाही. त्या दिवशी मैदानावर काय होतं तेही आठवत नाही.

त्यांनी ठरवलं असतं तर दुसऱ्याच दिवशी काम झालं असतं. कुलसचिवांना एक फोन पुरला असता. मला ते कळत होतं आणि त्यांनाही. त्या खुर्चीवर थोड्या पुढे सरकल्या, पुन्हा मागे टेकल्या. मग गुपचूपला म्हणाल्या, "सभेत विचारलं तर सांग, अक्षर माझं आहे. सांगायचं की नाही ते तू ठरव."

पुढचे दोन आठवडे त्यांनी सराव घेतला. अधिष्ठाता झाल्या, कुलसचिव झाल्या, नसलेला चष्मा पुसला. गुपचूप हसली, पण सरावात तिने तोंड उघडलं नाही ते नाहीच.

सभेच्या दिवशी इतिवृत्त लिहिणारा माणूस तापाने आडवा झाला आणि आयत्या वेळी टिपणताईंना बोलावलं. नियम असा की लिहिणाऱ्याने सभेत बोलायचं नाही. त्या पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसल्या. दाराजवळ गुपचूप बसली होती. त्यांनी हजेरीत तिचं नाव सगळ्यांच्या आधी लिहिलं.

तिचा विषय आला. ती उभी राहिली आणि काहीच बोलली नाही.

टिपणताई त्या शांततेबद्दल नंतर पुष्कळदा बोलल्या. आधी पंख्याचा आवाज ऐकू आला. मग घड्याळाचा. मग कोणाच्या तरी बुटाचा. खोली हळूहळू लांब होत चाललीय आणि दार दूर दूर जातंय असं त्यांना वाटलं. आपण उठलोय, बोलतोय, सगळं नीट सांगून टाकलंय, असंसुद्धा एकदा वाटलं, आणि बघितलं तर हातात पेन तसंच होतं. अधिष्ठाता घसा साफ करून म्हणाले की लेखी दिलंत तरी चालेल. टिपणताईंनी पेन इतकं घट्ट धरलं की बोटावर वळ उठला. त्या खाली बघत राहिल्या.

तेवढ्यात दाराकडून आवाज आला. इतका हळू, की टेबलाभोवतीचे सगळे पुढे वाकले.

"आपल्या दुर्बिणीतून इथे कोणी पाहिलंय का?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग कुलसचिवांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. ते म्हणाले, मी पाहिलंय. याच विद्यापीठात शिकत होतो तेव्हा. शनी होता. मला वाटलं कोणीतरी काचेवर चित्र चिकटवलंय, म्हणून मी दुर्बिणीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंगाच्या पुढे हात फिरवून बघितला. असं म्हणून ते थांबले. ते एवढं बोलू शकतात हे कोणाला माहीत नव्हतं.

गुपचूप अजून उभी होती. ती म्हणाली, आम्हाला ते चित्रातच बघावं लागलंय.

त्यानंतर प्रश्न सुरू झाले. किल्ली कोणाकडे राहणार, अंधार पडल्यावर जिन्यावर कोण थांबणार, कोणी पडलं तर काय. तिच्याजवळ एकेकाचं उत्तर होतं, पाच-सहा शब्दांचं. रखवालदाराची पाळी नऊपर्यंत असते आणि तो तयार आहे. एकेक शिक्षक आळीपाळीने येतील, तिघांनी होकार दिलाय. कठडा दुरुस्त आहे, नोंद ही. एका विभागप्रमुखांनी जरा चढ्या आवाजात विचारलं की मग अकरा वर्षं बंद ठेवली कोणी? टिपणताईंनी मान वर केली. गुपचूपने हातातल्या कागदाकडे बघितलं.

"ठराव समितीचा आहे," ती म्हणाली. "समितीच मागे घेऊ शकते."

ठराव मागे घेतला गेला. आठवड्यातून दोन संध्याकाळी, शिक्षकांच्या उपस्थितीत. टिपणताईंनी ते लिहिलं आणि तिची वाक्यं पुरती लिहिली, जशी बोलली तशी. ते पान बांधायला माझ्याकडे आलं तेव्हा मी बघितलं, बोटावर वळ उठलेल्या त्या हाताने या वेळी अक्षर उजवीकडे न कलता सरळ आलं होतं.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं दिसलं असतं. पण घुमट अकरा वर्षांच्या गंजाने जाम झाला होता. तो फिरता करायला पाच महिने लागले, भिंगावरची बुरशी काढायला आणखी एक. तोवर गुपचूपच्या वर्गाची परीक्षा तोंडावर आली. तीन वर्षं आकाश शिकलेल्या त्या नऊ जणांना दुर्बीण मिळाली ती चार संध्याकाळी. एका मुलाला तर त्यातही एकदाच जमलं. गुपचूप याबद्दल काही बोलली नाही. पण टिपणताईंनी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली की राग आलाय, आणि तो आहे तसा राहू दे. टिपणताईंनी समजूत घातली नाही.

पहिल्या संध्याकाळी मीही गेलो होतो. सूर्य बुडून थोडाच वेळ झाला होता, पश्चिमेला आकाश अजून पिकल्यासारखं होतं. टिपणताईंबरोबर यजमान आले होते. आयुष्यभर आकाशाकडे बघितलं, पण दिवसाचं, असं म्हणून ते हळूहळू जिना चढले. सासूबाईंना यायचं होतं. गुडघ्यांनी नाही म्हटलं. त्यांनी निरोप दिला होता की काय दिसलं ते न विसरता सांगा, नाहीतर दोघंही विसराळू.

घुमट कुरकुरत सरकला आणि वर एक लांब फट उघडली. आत गार हवा आली. सगळे आपोआप हळू बोलायला लागले. रांग लावायचं काम गुपचूपकडे होतं. नऊ जण झाल्यावर मग बाकीचे. टिपणताईंची पाळी आली, त्यांनी डोळा लावला आणि त्या तशाच राहिल्या. चंद्राची कोर होती. उजेड आणि अंधार मिळतात त्या कडेवर डोंगरांची टोकं एकेक करून पेटलेली दिसत होती, खाली काळोख, वर नुसती टोकं. त्या हलेनात. मागे यजमान, मी, रखवालदार आणि आणखी पंधरा-वीस लोक. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्यांना कोण बोलणार?

गुपचूप पुढे आली आणि त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "ताई, पुढच्यांना."

टिपणताई दचकल्या, मग पटकन बाजूला झाल्या आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. अंधारात मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. पण त्या हसत होत्या, एवढं मला आवाजावरून कळलं. यजमानांचं बघून झालं तेव्हा त्यांनी विचारलं, दिसलं का? ते म्हणाले, दिसलं. मग दोघं एकमेकांचा हात धरून जिना उतरले आणि मैदानाच्या कडेने घराकडे निघाले. मी वरून बघत होतो. मध्येच एकदा दोघं थांबले, वर बघितलं, आणि सासूबाईंना नेमकं काय सांगायचं यावर त्यांचं बोलणं सुरू झालं असावं, कारण पुढे बराच वेळ दोघांचेही हात हवेत हलत होते.